रुमालाखालचा भाव

द्राक्षांची शेवटची गाडी बंदराकडे गेली, पैसे खात्यात जमा झाले, आणि दिंडोरीकडच्या माझ्या मावसभावाने मुलाला दिलेला शब्द पाळायचं ठरवलं. पोराला दोन दारांची, जर्मन बनावटीची स्पोर्ट्स कार हवी होती. मला फोन आला, "नाना, तू ये. कागद मला वाचता येतात, पण चार डोळे असलेले बरे."

मुंबईच्या शोरूमचा विक्री अधिकारी गाडी दाखवायला नाशकात आला होता. गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात आम्ही बसलो. मुलगा दोनदा चक्कर मारून आला, चहा झाला, आणि टेबलावर कोटेशनचा कागद आला. त्यात नऊ ओळी होत्या आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात 'ऑन-रोड' किंमत, १,३६,६७,००० रुपये. भावाने तो आकडा पाहिला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाला, "दोन लाख कमी करा."

अधिकाऱ्याने कुणाला फोन केला नाही, कॅल्क्युलेटर काढला नाही. "तुमच्यासाठी करतो, सर," म्हणाला आणि पेन पुढे केलं.

मी भावाचा हात धरला. हाच माणूस पिंपळगाव बाजार समितीतून कांदा विकून आला की हिशोबपट्टी घेऊन ओसरीवर बसतो. वजन किती, भाव किती, हमाली किती, तोलाई किती, वाराई किती, प्रत्येक ओळीवर बोट ठेवतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये याच हमाली-तोलाईच्या कपातीवरून नाशिक जिल्ह्यातले कांदा लिलाव कित्येक दिवस बंद पडले होते. क्विंटलमागे काही रुपयांचा प्रश्न होता, पण जिल्हाभर त्याच्यावर बैठका झाल्या. जो माणूस त्या काही रुपयांचा हिशोब मागतो, तो सव्वा कोटीच्या कागदावर फक्त शेवटची ओळ वाचतो, हे मला बघवलं नाही.

पूर्वी घाऊक बाजारात रुमालाखाली भाव ठरायचा. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायचे. शेतकरी शेजारी उभा असायचा, माल त्याचा असायचा, आणि भाव मात्र त्याला दिसायचा नाही. बाजार समित्यांत उघड लिलाव आला तो हा रुमाल काढण्यासाठी. आज लासलगावला ट्रॅक्टरच्या रांगेपुढे व्यापारी उभे राहतात, मोठ्याने बोली होते, आणि भाव पडला तरी तो सगळ्यांच्या कानावर पडतो. शेतकऱ्याला तो परवडत नसेल, पण तो कसा ठरला हे त्याने ऐकलेलं असतं.

नव्या गाडीची ऑन-रोड किंमत हा अजून रुमालाखालचाच भाव आहे. आठ लाखांच्या गाडीलाही बहुतेक त्याच ओळी असतात. गाडी महाग झाली की त्या ओळी जाड होतात, एवढाच फरक. म्हणून महागड्या गाडीचा कागद सावकाश वाचावा. त्यात सगळं मोठ्या अक्षरात दिसतं.

त्या कागदावरची पहिली ओळ एक्स-शोरूम, १,०५,००,०००. ही गाडी पूर्ण बांधून परदेशातून येते. ४० हजार डॉलरपेक्षा जास्त किमतीच्या अशा गाडीवर भारतात ७० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर, मिळून ११० टक्के लागतात. २०२५ च्या अर्थसंकल्पात १०० टक्क्यांचं मूळ शुल्क ७० वर आणलं तेव्हा अनेकांना वाटलं गाड्या स्वस्त होणार. पण आधीचा अधिभार जाऊन हा उपकर लागला आणि बेरीज होती तिथेच राहिली. त्या रकमेवर पुन्हा जीएसटी. म्हणजे १०० रुपयांची गाडी शुल्क भरून २१० ची होते, आणि २१० वर ४० टक्के जीएसटी लागला की २९४ ची. कंपनीचा आणि डीलरचा नफा त्यानंतर. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी मोठ्या कारवर २८ टक्के जीएसटी आणि त्यावर २० टक्के भरपाई उपकर होता. तेव्हा हीच १०० ची गाडी ३११ ची होत असे. त्या दिवशी कर उतरला तेव्हा किंमत किती उतरायला हवी होती, हे असं पाटीवर मांडून कुणालाही काढता येतं.

हे शुल्क किती मोठं असतं ते महाराष्ट्राने सचिन तेंडुलकरच्या फेरारीवरून पाहिलं आहे. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. गाडीची किंमत सुमारे ७५ लाख आणि तिच्यावरचं शुल्क १ कोटी १३ लाख. २००३ मध्ये केंद्र सरकारने ते माफ केलं, लोकांत नाराजी उसळली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी शुल्क कंपनीने भरलं. त्या वादात सामान्य माणसाला पहिल्यांदा कळलं की गाडीपेक्षा तिचा कर मोठा असू शकतो. माझ्या मते त्या वेळी झालेली ओरड योग्य होती. कर सगळ्यांना सारखा दिसला पाहिजे.

हीच गाडी सुट्या भागांच्या संचातून इथे जोडली तर संचावरचं मूळ शुल्क १५ टक्के आहे. म्हणून मर्सिडीज चाकणला जोडते, ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. २०२० मध्ये चाकणहून मर्सिडीजची पहिली वेगवान 'एएमजी' गाडी बाहेर पडली ती याच हिशोबाने. खरी वेगवान गाडी हवी असेल तर पहिला प्रश्न 'सूट किती?' हा नसावा. 'ही इथे जोडलेली आहे की बांधून आलेली?' हा असावा. त्या एका उत्तरात लाखांचा फरक असतो आणि तो कुठलाही विक्री अधिकारी आपल्या अधिकारात देऊ शकत नाही.

दुसरी ओळ, आरटीओ कर, २१ लाख. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के एकरकमी कर आहे, डिझेलला १५. पण गाडी आयात केलेली असेल किंवा कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. कमाल मर्यादा २० लाख होती, ती १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. भावाच्या सीएने फर्मच्या नावावर घ्यायला सुचवलं होतं, घसारा मिळतो म्हणून. मोटारीवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो हे खरं. पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी निम्माच. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत गाडी रस्त्यावर यायला हवी. दसऱ्याच्या आसपास उद्योजकांची घाई असते तिचं एक कारण मुहूर्त आणि दुसरं हे. आमची गाडी आयात केलेली असल्याने कर दोन्हीकडे २० टक्केच होता. पण शेंद्र्याला किंवा चाकणला जोडलेली एक कोटीची पेट्रोल गाडी फर्मच्या नावावर घ्याल तर सात लाख रुपये कर जास्त जातो, आणि गाडीवरचा जीएसटी वळता करून घेता येत नाही तो वेगळाच. घसाऱ्यातून वाचणारा आयकर त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय नाव ठरवू नये.

'नोंदणी व इतर' या ओळीत २५ हजार लिहिले होते. इथे मला पुण्याची आठवण झाली आणि ती सांगताना आजही जीव गलबलतो. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला ज्या पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, त्या गाडीची पक्की नोंदणी झालेलीच नव्हती. इलेक्ट्रिक असल्याने तिला कर माफ होता. भरायचे राहिले होते ते कर्जबोजाच्या नोंदीचे १,५००, स्मार्ट कार्डाचे २०० आणि टपालाचे ५८, एकूण १,७५८ रुपये. कोटीची गाडी आणि अपुरी नोंदणी, हे आपल्याकडे इतकं सहज घडतं. नोंदणीच्या शुल्काला सरकारी पावती असते. 'इतर' या शब्दाला नसते. भावाने तिथे पावतीप्रमाणे पैसे द्यायचे असं लिहून घेतलं.

पुढची ओळ टीसीएस, १ टक्का, १,०५,०००. दहा लाखांवरच्या प्रत्येक गाडीवर विक्रेता हा कर गोळा करतो. हा खर्च नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करता येतो. माझ्या ओळखीत तीन-चार जणांनी तो कधी मागितलाच नाही, कारण तो ऑन-रोड आकड्यात बुडून गेला होता.

विमा, ४,१२,०००. ही ओळ मी भावाला तीनदा वाचायला लावली. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि १५०० सीसीवरच्या खासगी कारला त्याचा सरकारने ठरवलेला हप्ता २४,५९६ रुपये, वर जीएसटी. बाकी सगळी रक्कम गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याची. ती कंपनीगणिक बदलते आणि तिच्यावर घासाघीस करता येते. विमा डीलरकडूनच घ्या असं कुठलाही कायदा सांगत नाही. भावाच्या मुलाने तिथेच बसून दुसऱ्या विमा कंपनीकडून भाव मागवला. तीच गाडी, तेच विमामूल्य, तेच शून्य-घसारा कवच, आणि हप्ता २,९०,०००. एक लाख बावीस हजारांचा फरक मोबाइलवर पंधरा मिनिटांत सापडला. भाऊ काही बोलला नाही. त्याने खिशातून स्वतःचं पेन काढलं.

'हँडलिंग आणि लॉजिस्टिक', ४५,०००. मोटार वाहन कायद्याच्या कुठल्याही शुल्कात ही रक्कम नाही. एक्स-शोरूम या शब्दाचा अर्थच गाडी शोरूममध्ये आणून दिलेली किंमत असा आहे. शेतातून बाजार समितीपर्यंतचं भाडं शेतकरी भरतो, मग परत 'बाजारात आणल्याचं' भाडं त्याच्याकडून कुणी मागत नाही. भावाने हेच उदाहरण दिलं आणि ती ओळ दोन मिनिटांत गेली. ॲक्सेसरी किट १,३५,००० चा आणि सिरॅमिक कोटिंग ८५,००० चं, दोन्ही ऐच्छिक, दोन्ही कागदावर आधीच टाकलेले. काढले. वाढीव वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज २,६०,००० चं होतं, ते ठेवायला मी सांगितलं. आयात गाडीचा एखादा सुटा भागसुद्धा लाखांत जातो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या कागदावर नव्हतीच. "गाडी आठवड्यात देतो," असं अधिकारी आनंदाने सांगत होता. आयात गाडीला महिनोन्महिने थांबावं लागतं, मग ही आठवड्यात कशी? मी फॉर्म २१ चा मसुदा मागितला. विक्रीच्या या दाखल्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावं लागतं. उत्तर यायला अर्धा तास लागला. गाडी वर्षापूर्वी, मार्च २०२५ मध्ये बनलेली होती.

"म्हणजे चाळीत साठवलेल्या कांद्यासारखा माल आहे," भाऊ म्हणाला.

त्यात वाईट काही नाही. नीट सांभाळलेली, न चाललेली गाडी चांगलीच असते. पण ती विकताना पुढचं गिऱ्हाईक उत्पादनाचं वर्ष बघतं, आणि डीलरचे पैसे वर्षभर तिच्यात अडकलेले असतात. अशा गाडीवर दोन लाखांची सूट ही मेहेरबानी नव्हती. ती सुरुवात होती. भावाने दोनच पर्याय ठेवले. नवी मागवा, मी पूर्ण किंमत देऊन थांबतो. नाहीतर हीच द्या, पण एक्स-शोरूममधून सहा लाख बिलावर कमी करा. 'बिलावर' हा शब्द त्याने दोनदा उच्चारला, कारण सूट म्हणून पन्नास-साठ हजारांचं सामान फुकट देणं आणि बिलाची रक्कम उतरवणं यांत फार अंतर आहे. चार दिवस फोन चालले. पाचव्या दिवशी सहा लाख मान्य झाले.

प्रत्येक कंपनीकडे हे जमत नाही, हेही सांगायला हवं. मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात विक्रीची रीतच बदलली. गाड्यांचा साठा कंपनीचा, बिल कंपनीचं, देशभर एक किंमत. डीलर तिथे कमिशनवरचा प्रतिनिधी. अशा ठिकाणी नाशिकचा भाव मुंबईशी ताडून बघण्यात अर्थ उरत नाही. भांडायचं ते विमा, कर्ज, जुन्या गाडीची किंमत आणि उत्पादनाचा महिना यांवर. मला ही पद्धत अधिक सरळ वाटते. भाव जास्त असेल, पण तो सगळ्यांना सारखा आणि उघड असतो.

याच मर्सिडीजची एक गोष्ट मराठवाड्यात अजून सांगतात. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांच्या गटाने एकगठ्ठा १५० मर्सिडीज घेतल्या. ६५ कोटींचा व्यवहार, म्हणजे गाडीमागे सरासरी ४३ लाख. एकेकट्याने शोरूममध्ये जाऊन जे मिळालं नसतं ते दीडशे जणांनी एकत्र बसून मिळवलं. देशभर बातम्या झाल्या. पण माझ्या मनात राहिली आहे ती त्या बातमीतली दुसरी ओळ. स्टेट बँकेने या खरेदीला ४० कोटींहून अधिक कर्ज दिलं. बँक कर्मचारी संघटनेचे नेते देविदास तुळजापूरकर यांनी सांगितलं की व्याजदर होता सात टक्के. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या वर्षाअखेर त्यावर लिहिलं तेव्हा त्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचं कर्ज शेजारी ठेवून दाखवलं. ते बारा टक्क्यांच्या वर होतं.

एकत्र येऊन भाव मागणाऱ्यांना मी दोष देत नाही. २०२५ मध्ये जैन समाजाच्या 'जितो' या संघटनेने देशभरातल्या सदस्यांसाठी १८६ आलिशान गाड्या मिळून सुमारे १४९ कोटींच्या खरेदीत २१ कोटींची बचत करून दिली. ते त्यांचं कौशल्य आहे. दोष त्या व्यवस्थेचा, जी मर्सिडीजसाठी एकत्र आलेल्यांचं ऐकते आणि ट्रॅक्टरसाठी एकटा आलेल्याला छापील दर दाखवते. एकत्र येण्याची ताकद आमच्या जिल्ह्याला माहीत नाही असं नाही. औरंगाबादला मर्सिडीजची रांग लागली त्याच सुमारास दिंडोरी तालुक्यात मोहाडीला विलास शिंदे यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची सह्याद्री ही उत्पादक कंपनी उभी राहत होती. पैसे बुडवून पळणाऱ्या व्यापाऱ्यांनी पोळलेला द्राक्ष बागायतदार तिथे एकत्र आला आणि युरोपातल्या खरेदीदाराशी स्वतः बोलायला शिकला. विकताना जे जमलं ते विकत घेताना, निदान ट्रॅक्टर, फवारणी यंत्र आणि पिकअप घेताना, का जमू नये? पन्नास शेतकऱ्यांनी एका हंगामात पन्नास ट्रॅक्टर घ्यायचे ठरवून कंपनीला आणि बँकेला एकत्र बोलावलं तर कोटेशनचा कागद निराळा निघेल, याबद्दल मला शंका नाही.

आयात शुल्क उतरेपर्यंत आता थांबावं का, असंही बरेच जण विचारतात. ब्रिटनबरोबरचा व्यापार करार २४ जुलै २०२५ ला झाला. युरोपीय संघाबरोबरच्या कराराची घोषणा जानेवारी २०२६ मध्ये झाली. दोन्हींत गाड्यांवरचं शुल्क कोट्याच्या मर्यादेत, टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणायचं ठरलं आहे. पण कोटा म्हणजे ठरावीक गाड्या, आणि शुल्कातली घट गिऱ्हाइकापर्यंत किती येईल हे कंपनी ठरवणार. आयात गाडीचं बुकिंग करणाऱ्याने एक वाक्य मात्र लिहून घ्यावं. गाडी हातात येईपर्यंत शुल्क उतरलं तर किंमत उतरेल. भावाने ते लिहून मागितलं आणि त्याला ते मिळालं.

शेवटचा हिशोब असा झाला. विम्यात १,२२,०००, हँडलिंगचे ४५,०००, किटचे १,३५,०००, कोटिंगचे ८५,०००, एक्स-शोरूममधून ६,००,००० आणि त्यामुळे टीसीएसमध्ये ६,००० कमी. १,३६,६७,००० चे १,२६,७४,००० झाले. दोन लाखांवर हात मिळवला असता त्या जागी ९,९३,००० वाचले, आणि त्यातले चार लाखांच्या आसपास तर नुसते कागद वाचून. गाडीची नोंदणी पेठ रोडच्या आरटीओत झाली, एमएच १५. पोराला चावी देण्याआधी भावाने त्याच्याकडून समृद्धीवरची १२० ची वेगमर्यादा वदवून घेतली.

यंदा पाडव्याला तुमच्यापैकी अनेक जण शोरूममध्ये जातील, कुणी आठ लाखांची घेईल, कुणी ऐंशी लाखांची. मुहूर्ताच्या दिवशी हार आणि पेढे समोर असतात, तेव्हा कुणी कागद वाचत नाही. म्हणून कोटेशन दोन दिवस आधी घरी मागवा, विम्याचा एक भाव बाहेरून आणून ठेवा, आणि फॉर्म २१ वरचा महिना विचारल्याशिवाय धनादेशावर सही करू नका.